मोठ्या जहाजाच्या वाटेत लहान होडी

व्यापाराच्या पानावर होडीच्या सैरेचा विषय कशाला, असे काही वाचक बंधू विचारतील. कारण साधे आहे. पुण्याच्या रविवार पेठेत आणि कॅम्पात जो परदेशी धागा, जे अस्तर, ज्या चेन आणि बटणे येतात, त्यातील बराच माल न्हावाशेव्याच्या बंदरात उतरतो. आपल्याकडून बाहेर जाणारे तयार कपडेही त्याच बंदरातून जातात. आणि सुट्टी लागली, ईद झाली, पाहुणे आले की पुण्याची कुटुंबे पहाटेची गाडी पकडून मुंबईला जातात आणि गेटवेहून लाँचमध्ये बसून घारापुरी नाही तर मांडव्याला निघतात. म्हणजे एकाच पाण्यात आपला मालही असतो आणि आपली मुलेही असतात. त्या पाण्यात मोठे जहाज आणि लहान होडी एकमेकांसमोर आली तर काय होते, कोणी कोणाला वाट द्यायची आणि ती का द्यायची, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

आम्ही जन्मभर कापड मोजले, समुद्र मोजला नाही. पण मालाच्या निमित्ताने क्लिअरिंगवाले, तांडेल, जहाजावरून निवृत्त झालेले कोकणी खलाशी यांच्याशी वर्षानुवर्षे बोलणे होत आले. त्यातून आणि नियमांच्या पुस्तकांतून जे समजले ते येथे सोप्या भाषेत मांडतो.

१८ डिसेंबर २०२४ ची दुपार वाचकांना आठवत असेल. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला, असे नौदलाने त्याच दिवशी जाहीर केले. दोन्ही बोटींवरचे मिळून १५ जण मरण पावले. प्रवासी बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. या अपघातात मोठ्या जहाजाचा संबंध नव्हता, पण एक गोष्ट त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळली. गेटवेसमोरचे पाणी म्हणजे सारसबागेचे तळे नव्हे. ते एक भरगच्च कारखान्याचे अंगण आहे आणि आपण सहलीला जातो ते त्या अंगणातून.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईचे बेट पश्चिमेला, रायगडचा किनारा पूर्वेला आणि दक्षिणेला, आणि मध्ये हे बंदर. दक्षिणेकडे त्याचे तोंड उघडे आहे. कुलाब्याच्या टोकाला प्राँग्सचे दीपगृह आणि त्याच्या समोर, अलिबाग-थळच्या बाजूला, खांदेरीचे बेट. बाहेरून येणारे प्रत्येक मोठे जहाज या दोघांच्या मधून आत शिरते. आत आल्यावर वाट फुटते. एक वाट मुंबईच्या गोद्यांकडे आणि जवाहर द्वीपाकडे जाते. या द्वीपालाच जुने लोक बुचर आयलंड म्हणतात, आणि तेथे कच्च्या तेलाची जहाजे लागतात. दुसरी वाट न्हावाशेव्याला जाते, जेथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. गेटवेच्या बाजूलाच नौदलाची गोदी आहे. या सगळ्यात मच्छीमारांच्या होड्या, त्यांची जाळी, टग, पायलटच्या बोटी, मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट, यॉट क्लबांच्या शिडाच्या होड्या, आणि पर्यटकांच्या लाँच. घारापुरी म्हणजे जेमतेम दहा-अकरा किलोमीटर, तासाभराचा रस्ता. पण हा रस्ता मोठ्या जहाजांच्या रस्त्याला आडवा जातो. मांडव्याचाही तसाच.

आता समुद्राकडे पाहिले तर ते पाणी अफाट दिसते. वाटते, एवढी जागा असताना जहाजाने थोडे बाजूने जायला काय हरकत? येथेच मोठी गैरसमजूत आहे. पाणी रुंद आहे पण खोल नाही. मोठे कंटेनर जहाज पाण्याखाली चौदा-पंधरा मीटर बुडालेले असते, म्हणजे चार-पाच मजली इमारत पाण्याखाली. मुंबई बंदराचा बराच भाग तेवढा खोल नाही. म्हणून गाळ उपसून एक खोल गल्ली तयार केलेली असते, तिला चॅनेल म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना रंगीत बोये तरंगत असतात. मोठे जहाज या गल्लीतूनच जाऊ शकते. दोन हात बाजूला झाले तर गाळात रुतेल. लहान होडीला मात्र सगळे बंदर मोकळे आहे, कारण तिला मीटर-दीड मीटर पाणी पुरते. जिला कोठेही जाता येते तिने, ज्याला एकाच गल्लीतून जावे लागते त्याला वाट द्यावी, हा नियमाचा गाभा आहे.

रविवार पेठेतील दुकानदारांना हे सांगण्याची गरज पडू नये. कापडाच्या गाठींनी भरलेली हातगाडी उतारावरून येत असते तेव्हा हमाल ओरडतो, आणि मोटारसायकलवाला कितीही घाईत असला तरी बाजूला होतो. हातगाडीचा हक्क मोठा म्हणून नव्हे. ती थांबू शकत नाही म्हणून. भरलेल्या जहाजाचे तसेच आहे, फक्त गाठींच्या जागी लाखभर टन वजन आहे आणि खाली रस्त्याऐवजी पाणी. पाण्याला ब्रेक नसतो. इंजिन बंद केले तरी जहाज पुढे सरकतच राहते. इंजिन उलटे फिरवले तरी पूर्ण वेगातले मोठे जहाज थांबायला दोन-तीन किलोमीटर घेऊ शकते, आणि इंजिन उलटे फिरत असताना सुकाणू नीट काम देत नाही, जहाज भलतीकडे वळते. म्हणून चॅनेलमधला कप्तान एकाएकी थांबण्याचा धोका घेत नाही. थांबला तर स्वतः आडवा होऊन रुतेल आणि साऱ्या बंदराचा रस्ता बंद करील.

दुसरी गोष्ट नजरेची. द्रुतगती मार्गावर कंटेनर ट्रेलरच्या अगदी नाकासमोर आपली मोटार नेली तर उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला ती दिसत नाही, हे आता सर्वांना माहीत आहे. कंटेनर जहाजावर चालकाची खोली बहुधा मागच्या बाजूला असते आणि तिच्यापुढे डब्यांचे ढीग रचलेले असतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे नव्या जहाजाच्या पुढच्या टोकापासून, ज्याला आपले कोळी बांधव नाळ म्हणतात, समोरचे पाणी जहाजाच्या दुप्पट लांबीपर्यंत किंवा ५०० मीटरपर्यंत, यांतील जे कमी असेल तेवढे, न दिसले तरी चालते. चालते म्हणजे कायद्याने चालते. याचा अर्थ नीट घ्या. जहाजाच्या नाळेसमोर अर्धा किलोमीटर अंतरावर असलेली होडी कप्तानाला आणि पायलटला दिसत असेलच असे नाही. होडीतून आपल्याला मात्र जहाज इतके स्पष्ट दिसते की, त्यांनाही आपण दिसतो आहोत अशी आपली खात्री होते. ही खात्री खोटी आहे.

आता थोडा हिशेब करू, व्यापाऱ्याला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. समुद्रावर वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. जहाज १२ नॉटने येत असेल तर ताशी सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ३७० मीटर. ऐकायला हा सायकलचा वेग आहे. एवढ्या मोठ्या वस्तूचा वेग डोळ्यांना कळतही नाही, डोंगर सरकतो आहे असे वाटते. शिडाची लहान होडी हलक्या वाऱ्यात ४ नॉटने जाते, म्हणजे मिनिटाला सुमारे १२३ मीटर. समजा चॅनेल ४०० मीटर रुंद आहे. होडीला ते ओलांडायला सव्वातीन मिनिटे लागतील. तेवढ्यात जहाज १२०० मीटर पुढे आलेले असेल. म्हणजे दीड किलोमीटरवर असलेले जहाज पाहून कोणी म्हणाले, "ते लांब आहे, आपण निघून जाऊ," तर होडी पलीकडे पोहोचेल तेव्हा जहाज जेमतेम तीनशे मीटरवर असेल. हे सगळे वारा टिकला तर. वारा पडला, इंजिनाने दगा दिला, पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला, की हिशेब संपला. आणि मोठे जहाज जवळ आले की ते स्वतःच वारा अडवते. चाळीस-पन्नास मीटर उंचीची भिंत वाऱ्याच्या बाजूला उभी राहिल्यावर शिड लटकून जाते. नेमकी गरज असते तेव्हा होडीचा जोर जातो.

नियम काय म्हणतो ते पाहू. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून अंमलात आले. भारतालाही ते लागू आहेत. त्यात शिडाच्या होडीला यंत्राच्या बोटीने वाट द्यावी असे एक कलम आहे. हौशी लोक एवढेच वाचतात आणि छाती पुढे काढतात. परंतु त्याच नियमांतील नववे कलम सांगते की, अरुंद चॅनेलमध्ये २० मीटरपेक्षा लहान कोणतीही होडी आणि कोणतीही शिडाची होडी, ज्या जहाजाला फक्त त्या चॅनेलमधूनच सुरक्षित जाता येते, त्याच्या वाटेत अडथळा करणार नाही. मासेमारीच्या होडीनेही अडथळा करू नये असे तेथेच लिहिले आहे. चॅनेल ओलांडण्याने अशा जहाजाला अडथळा होणार असेल तर ओलांडूच नये, हेही त्यात आहे. म्हणजे शिडाचा हक्क उघड्या समुद्रातला. चॅनेलमध्ये तो दाखवायला जाऊ नये.

येथे थोडे विषयांतर करू. आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा समुद्राचे बरेच शब्द आमच्यासाठी नवे नव्हते. बंदर हा शब्द फारसी, लंगर फारसी, नाखुदा म्हणजे नावेचा मालक तोही फारसी. इंग्रजीतला मान्सून अरबी मौसमवरून आला. अरबस्तान, इराण आणि कोकण यांच्यामधला व्यापार किती जुना आहे हे या शब्दांवरूनच दिसते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सारंग आणि खलाशी जहाजांवर गेले. त्यांच्या नातवंडांनी, जी आता पुण्यात कोंढव्याला फ्लॅट घेऊन राहतात, गेटवेच्या लाँचमध्ये बसताना लाइफ जॅकेट घालायला लाजावे, हे आम्हाला पटत नाही.

टक्कर होणार की नाही हे ओळखण्याची जुनी युक्ती आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. होडीतील एखादा खांब धरा. आपली दिशा न बदलता त्या खांबाच्या रेषेत जहाज कोठे दिसते ते पाहा. दोन मिनिटांनी पुन्हा पाहा. जहाज खांबाच्या पुढे किंवा मागे सरकले असेल तर बहुतेक ते आपल्या पुढून किंवा मागून जाईल. ते त्याच रेषेत राहिले आणि आकाराने मोठे होत गेले, तर दोघांची गाठ पडणार हे नक्की समजा. जहाज फार मोठे किंवा फार जवळ असेल तर थोडे सरकल्यावरही धोका राहतो, कारण त्याची लांबीच तीनशे मीटर असते. नाळ टळली तरी मागचा भाग लागू शकतो. वळताना तर विशेष जपावे. जहाज उजवीकडे वळते तेव्हा त्याचा मागचा भाग डावीकडे फेकला जातो, जसे लक्ष्मी रस्त्यावरच्या वळणावर लांब बसची शेपटी बाहेर येते.

रात्रीसाठी दिव्यांची भाषा आहे. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला डोलकाठीवर दोन पांढरे दिवे, पुढचा खाली आणि मागचा वर. फक्त लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले आणि दोन्ही पांढरे दिवे बरोबर एकावर एक आले, तर जहाज थेट आपल्या अंगावर येत आहे. एकाखाली एक तीन लाल दिवे, किंवा दिवसा काळे नळकांडे, याचा अर्थ जहाज पाण्यात खोल बुडालेले आहे आणि त्याला वाट बदलता येत नाही. नाळेकडे काळा गोळा टांगलेला असेल तर ते लंगर टाकून उभे आहे.

भोंग्याचीही भाषा आहे. एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझे इंजिन उलटे फिरत आहे. आणि पाच किंवा अधिक छोटे आवाज म्हणजे तुम्ही काय करता आहात ते मला समजत नाही. सहलीला आलेल्या मंडळींना हा पाच आवाजांचा भोंगा सलाम वाटतो आणि ती हात हलवून उत्तर देतात. तांडेलला मात्र तो ऐकून तत्काळ बाजूला व्हायला हवे.

लंगर टाकलेले जहाज तर उभेच आहे, त्याची कसली भीती, असे कोणी म्हणेल. भीती जहाजाची नाही, ओढीची आहे. मुंबईच्या बंदरात उधाणाला भरती-ओहोटीचे अंतर चार-पाच मीटरपर्यंत जाते, आणि एवढे पाणी सहा तासांत आत-बाहेर करते तेव्हा त्याची ओढ नदीसारखी असते. उभे जहाज लंगराच्या साखळीवर असते आणि त्याचे तोंड बहुधा ओढीकडे असते. होडी त्याच्या नाळेसमोरून आडवी जायला लागली आणि इंजिन बंद पडले तर ओढ तिला सरळ साखळीवर आणि नाळेखाली नेते. म्हणून उभ्या जहाजाच्या मागून, दूर अंतरावरून जावे. जाणते तांडेल असेच करतात आणि उतावळे प्रवासी त्यांना "उगाच वळसा घातला" म्हणून दोष देतात.

उधाण कधी असते हे कळायला पंचांगाची गरज नाही. चंद्रावर महिने मोजणाऱ्या घरांत ते सहज कळते. नवा चंद्र आणि पूर्ण चंद्र यांच्या आगेमागे उधाण, आणि अर्ध्या चंद्राच्या सुमारास भांग. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत मोठी भरती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि तशीच मध्यरात्री येते. पाण्यात खोल बसणारी जहाजे भरतीचे पाणी पाहूनच आत-बाहेर करतात. तेव्हा अशा दिवशी भर दुपारी चॅनेलमध्ये मोठ्या जहाजांची ये-जा अधिक असू शकते, आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते. त्यानंतर ओहोटी लागते आणि दुपारचा वाराही वाढतो. परतीच्या लाँचमध्ये अंगावर पाणी उडते ते त्यामुळे.

पावसाळ्याबद्दल बोलायलाच नको. मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात ते उगाच नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली रामदास बोट वादळी पाण्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणात जुन्या घरांतून अजून तिची आठवण निघते.

परदेशातील दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे लंडनमध्ये टेम्स नदीवर 'मार्शनेस' नावाच्या सहलीच्या बोटीवर मेजवानी चालू होती. मागून 'बोबेल' नावाचे वाळू उपसणारे जहाज आले आणि तिच्यावर आदळले. ५१ जण बुडाले, त्यांतले बरेच तरुण होते. चौकशीत निघालेली मुख्य गोष्ट अशी की, दोन्हीकडे नीट पाहणारा माणूस नव्हता. जहाजाच्या चालकाला समोरचे नीट दिसत नव्हते आणि बोटीच्या चालकाला मागचे. जहाज काही फार मोठे नव्हते, दीड हजार टनांच्या आसपास. बोटीला मात्र तेवढे पुष्कळ झाले.

दुसरा प्रसंग ६ ऑगस्ट २०११ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील काउज येथला. तेथे दर वर्षी शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा आठवडा असतो आणि त्याच पाण्यातून साउदॅम्प्टनला जाणारी-येणारी तेलवाहू जहाजे जातात. शर्यतीतील 'अटलांटा ऑफ चेस्टर' ही होडी 'हान्ने नुट्सन' या प्रचंड टँकरच्या समोर गेली. तिचे शिड टँकरच्या लंगरात अडकले, डोलकाठी मोडली, माणसे जखमी झाली, एकाने पाण्यात उडी घेतली. नशिबाने कोणी मेले नाही. गंमत अशी की, तेथे आधीपासून स्पष्ट नियम आहे. १५० मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर हा पट्टा लहान होड्यांसाठी बंद, आणि जहाज सरकेल तसा तो पट्टाही सरकतो. होडीच्या चालकावर खटला चालला आणि त्याला दंड झाला. हा हलता पट्टा आम्हाला फार उपयोगी कल्पना वाटते. मुंबईच्या पाण्यात होडी चालवणाऱ्याने कायद्याची वाट न पाहता तो मनाशी धरून ठेवावा. समोर एक किलोमीटर, बाजूला शंभर मीटर.

आपल्याकडे हौशी शिडाच्या होड्यांची परंपरा जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. पुण्यातही नदीकाठी रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे, आणि खडकवासल्याच्या पाण्यात प्रबोधिनीचे कॅडेट होड्या चालवायला शिकतात. मुंबईत पावसाळा संपला की शिडे उघडतात आणि मे महिन्यापर्यंत चालतात. अलीकडे गेटवेहून तासाच्या भाड्याने यॉट घेऊन वाढदिवस करण्याचा शौक पुण्यातही पोहोचला आहे. शौकाला आमचा विरोध नाही. मात्र खडकवासल्यावर किंवा पानशेतला होडी चालवलेला तरुण "मला येते" म्हणून बंदरात सुकाणू मागतो, तेव्हा मालकाने ते देऊ नये. तलावात समोरून जहाज येत नाही आणि पाण्याला ओढ नसते.

आता व्यापाराचे बोलू. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावाशेव्याहून बाहेर निघालेले 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदरात येणारे 'खलिजिया ३' या दोन जहाजांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. चित्रा एका अंगावर कलले, सुमारे तीनशे कंटेनर पाण्यात पडले आणि तेल सांडले. कंटेनर कोठे तरंगताहेत, कोठे बुडालेत, हे शोधेपर्यंत दोन्ही बंदरांची वाहतूक सुमारे पाच दिवस ठप्प झाली. होडीचा त्यात काही संबंध नव्हता. पण चॅनेल एकच असल्यामुळे एक अपघात म्हणजे दोन्ही बंदरे बंद, हे त्या आठवड्यात प्रत्येक आयातदाराला समजले. लहान होडी वाचवण्यासाठी जहाजाने सुकाणू फिरवले आणि ते गाळात रुतले, तर परिणाम तोच.

अपघात न होताही नुकसान होते. होडी आडवी आली म्हणून पायलटने वेग उतरवला, भरतीची वेळ हुकली, की जहाज पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे सुमारे बारा तास, थांबते. मग धक्क्यावरची त्याची पाळी जाते, मागच्या जहाजांची पाळी सरकते, माल उशिरा उतरतो, आणि शेवटी पुण्यातल्या कारखान्यात शिलाई यंत्रे धाग्यावाचून बसून राहतात. हा खर्च बिलात "होडीमुळे" असा लिहून येत नाही. भाडे, विलंब, गोदी यांच्या आकड्यांत मिसळून येतो आणि आपण तो भरतो.

आणखी एक गोष्ट लहान व्यापाऱ्यांना बहुधा माहीत नसते. तिला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. जहाज आणि माल दोन्ही संकटात असताना सर्वांना वाचवण्यासाठी मुद्दाम काही खर्च किंवा त्याग केला, उदाहरणार्थ रुतलेले जहाज टग लावून ओढून काढले किंवा काही माल समुद्रात टाकला, तर तो खर्च एकट्या जहाजमालकाचा नसतो. ज्यांचा ज्यांचा माल जहाजावर आहे त्या सर्वांनी मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा असतो. तुमच्या कंटेनरला ओरखडाही आला नसेल तरी वाटा द्यावा लागतो, आणि त्याची हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात अडकले होते, तेव्हा त्याच्या मालकांनी हेच जाहीर केले होते. मालाचा विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. अगदी कमी दर्जाच्या, 'सी' कलमाच्या विम्यातही हा वाटा धरलेला असतो. विमा नसेल तर रोख अनामत. म्हणून दोन पैसे वाचवण्यासाठी सागरी विमा टाळणाऱ्या आमच्या बाजारातील मंडळींनी एकदा आपल्या कागदांकडे पाहावे. सीआयएफ दराने माल घेतला असेल तर विमा विकणाऱ्याने काढलेला असतो, पण तो बहुधा किमान दर्जाचा. एफओबीने घेतला असेल तर तो तुम्हालाच काढायचा आहे.

कुटुंबाला घेऊन निघणाऱ्यांनी काय पाहावे तेही सांगतो. लाँचवर प्रवाशांची मंजूर संख्या लिहिलेली असते. ती वाचा आणि माणसे मोजा. नीलकमलवर ८४ प्रवाशांची परवानगी असताना अधिक माणसे घेतल्याचे बातम्यांत आले होते. गर्दी दिसली तर पुढची लाँच घ्या, अर्ध्या तासाने घारापुरीची लेणी कोठे जात नाहीत. (सोमवारी ती बंद असतात, एवढे मात्र लक्षात ठेवा.) त्या अपघातानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. ते उशी म्हणून मांडीवर ठेवायचे नसून अंगात घालून पट्टे बांधायचे असते, आणि मुलांना मुलांच्या मापाचे मागून घ्यावे. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून पाण्यात वर निघून जाते. बुरखा, साडी, सैल ओढणी यांवरूनही ते घालता येते. लाजण्याचे कारण नाही. जहाज पाहायला सगळे एका बाजूला धावतात तेव्हा लाँच त्या बाजूला कलते. बसलेल्यांनी बसून राहावे.

यॉट भाड्याने घेणाऱ्यांनी सौदा ठरवताना मालकाला विचारावे की, परवाना आहे का, इंजिन चालू अवस्थेत ठेवता का, रेडिओ आहे का आणि तो १६ नंबरच्या चॅनेलवर ऐकता का. त्याने रेडिओ "लागत नाही" म्हटले तर सौदा करू नये. मोबाईल बंदरात बहुधा चालतो. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे, तो निघण्यापूर्वीच फोनमध्ये लिहून ठेवावा. चॅनेल ओलांडायचेच असेल तर इंजिनावर, काटकोनात, सरळ आणि लवकर ओलांडावे, तिरके रेंगाळत नव्हे. जहाज येत असेल तर बोयांच्या बाहेर थांबावे आणि ते गेल्यावर त्याच्या मागून जावे. गेल्यानंतर दोन-तीन मिनिटांनी त्याच्या लाटा येतात. त्या येण्यापूर्वी मुलांना खाली बसवावे आणि गरम चहाचे थर्मास बंद करावेत.